डॉक्टर व्हायचे आहे. मग ‘मेजर’ कोणता?

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी कुटुंबांत एक गोष्ट आता नवी राहिलेली नाही. मामाने बहिणीसाठी किंवा आत्याने भावासाठी फार पूर्वी अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरून ठेवलेला असतो. घरातले सगळे ती फाईल विसरून गेलेले असतात आणि एक दिवस मुंबईच्या वकिलातीतून मुलाखतीचे बोलावणे येते. भावंडांच्या या वर्गात भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. त्यामुळे अर्जाच्या वेळी पाळण्यात असलेले मूल निघायच्या वेळी बारावीत किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असते. एकविसावे वर्ष उलटले तर ते व्हिसाच्या हिशेबातून गळू शकते, म्हणून आईवडील घाईने निघतात. शिक्षणाचा धागा मात्र मध्येच तुटतो.

अशी बरीच मुले न्यू जर्सीसारख्या राज्यात नातेवाइकांजवळ उतरतात, कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालतात आणि दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात बदली घेतात. त्यातल्या हुशार मुलांना, आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या आईवडिलांना, डॉक्टर व्हायचे असते. मग घरात प्रश्न निघतो, मेजर कोणता घ्यायचा? उत्तर ठरलेले असते, “बायॉलॉजीच, दुसरे काय?” माझ्या मते हे उत्तर विचार न करता दिलेले असते आणि ज्या मुलाच्या हाती मुळात दोनच वर्षे उरली आहेत त्याला ते महागात पडू शकते.

आधी तिथली रीत समजून घेऊ. आपल्याकडे बारावी, नीट आणि मग साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस., असा सरळ रस्ता आहे. अमेरिकेत आधी चार वर्षांची कोणतीही पदवी, त्यानंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल आणि पुढे विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. पदवीचा मुख्य विषय म्हणजे मेजर. ‘प्री-मेड’ हा बहुतेक ठिकाणी मेजर नसतोच, ती फक्त वाटचालीची खूण आहे. मेडिकल स्कूल मागते ते ठरावीक विषय: प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, बहुतेक ठिकाणी जीवरसायन, शिवाय इंग्रजी आणि पुष्कळदा संख्याशास्त्र. हे विषय चांगल्या गुणांनी पूर्ण करून कोणी इतिहासाची पदवी घेतली तरी दार बंद होत नाही.

अर्ज करणाऱ्यांत जीवशास्त्रवाले निम्म्याहून अधिक असतात, म्हणून प्रवेश मिळालेल्यांतही तेच जास्त दिसतात. पण शंभर अर्जांमागे किती जणांना प्रवेश मिळाला हे पाहिले तर जीवशास्त्रवाल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा वरचढ नसते. गणित किंवा मानव्यविद्या घेणाऱ्यांचे प्रमाण उलट थोडे अधिकच भरते. यावरून मानव्यविद्या घेतल्याने प्रवेश मिळतो असा अर्थ काढू नये. त्या वाटेने जाणारी मुले थोडी आणि निश्चयाची असतात. यातून सिद्ध होते ते एवढेच की जीवशास्त्राच्या नावाला तिथे वेगळे गुण नाहीत. गुण आहेत ते गुणांनाच. २०२३ साली सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. मिळालेल्यांची सरासरी चारपैकी पावणेचारच्या आसपास होती.

आता बदली घेणाऱ्या मुलाची खरी अडचण पाहा. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे आणि २००८ च्या राज्यव्यापी करारामुळे कम्युनिटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. पदवी घेतलेल्याचे क्रेडिट सरकारी विद्यापीठांत धरले जातात. १२० पैकी साधारण ६० हातात येतात. पण क्रेडिट धरले म्हणजे हव्या त्या मेजरमध्ये जागा मिळाली असे नाही. आणि ए.ए.एस. नावाची जी धंदेशिक्षणाची पदवी असते तिला हा करार तसा लागू होत नाही. नावातल्या एका अक्षराने वर्ष जाऊ शकते.

दुसरी गोष्ट वेळेची. मेडिकलचा अर्ज प्रवेशाच्या सव्वा वर्ष आधी, मे-जूनमध्ये भरायचा असतो. मुलगी सप्टेंबरमध्ये नव्या विद्यापीठात दाखल झाली आणि चार वर्षांतच पुढे जायचे ठरवले, तर अर्जाच्या वेळी तिच्याकडे नव्या ठिकाणचे दोनच सत्रांचे गुण असतात. त्याच वर्षात तिला सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, एमकॅटची तयारी, दवाखान्यातला अनुभव आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे हे सारे जमवायचे. त्यात नवे गाव, नवे कॉलेज, घरी आईवडीलही नव्या नोकरीत चाचपडत असलेले. बदलीनंतरच्या पहिल्या सत्रात अनेकांचे गुण घसरतात ते यामुळेच. आणि एकदा पडलेला गुण पुसला जात नाही. विषय पुन्हा दिला तरी मेडिकलच्या मुख्य अर्जात दोन्ही वेळचे गुण मोजले जातात. कम्युनिटी कॉलेजातलेही मोजले जातात.

म्हणून मेजर निवडताना मी तीन कसोट्या सुचवीन. पहिली, उरलेल्या चार सत्रांत मेजरचे विषय आणि मेडिकलला लागणारे विषय दोन्ही बसतात का? कागद घेऊन सत्रागणिक मांडावे. बदली होण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या सल्लागाराला तो कागद दाखवावा. दुसरी, या विषयात मुलाला मनापासून गती आहे का? आवड नसलेल्या विषयात पावणेचारची सरासरी राखणे कठीण. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: मेडिकल नाहीच मिळाले तर या पदवीवर तो सन्मानाने उभा राहू शकेल का? वरचे आकडे पुन्हा पाहा. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या वर्षी प्रवेश मिळालेला नाही.

या कसोट्या लावल्यावर जीवशास्त्रच आले तर आनंदाने घ्यावे. त्यात विषय एकमेकांत बसतात, ही त्याची मोठी सोय आहे. कोणाला रसायन, कोणाला संख्याशास्त्र, कोणाला सार्वजनिक आरोग्य किंवा मानसशास्त्र योग्य ठरेल. नर्सिंग ही उत्तम आणि खात्रीची वाट आहे, पण ती मेडिकलची पायरी समजून घेऊ नये. तिथले रसायन पुष्कळदा वेगळे आणि हलके असते, मेडिकलला ते चालत नाही.

काही पालक म्हणतात, “एवढा विचार कशाला? बायॉलॉजी घेऊन मोकळे व्हा, एमकॅटलाही तेच येते.” हे अर्धेच खरे आहे. एमकॅटचे चार भाग आहेत. २०१५ पासून त्यातला एक मानसशास्त्र व समाजशास्त्राचा आहे. आणखी एक भाग निव्वळ इंग्रजी उताऱ्यांचा: ९० मिनिटांत ५३ प्रश्न, पाठांतराचा काही उपयोग नाही. मराठी किंवा गुजराती माध्यमातून गेलेल्या मुलांची दमछाक बहुधा इथे होते. त्यांच्यासाठी तत्त्वज्ञानाचा किंवा साहित्याचा एखादा वर्ग जीवशास्त्राच्या जादा वर्गापेक्षा अधिक कामाचा.

आपल्या गुजरात बोर्डाच्या मुलांसाठी एक जादा सूचना. बारावीला बी ग्रुप घेतला की गणिताशी कायमची फारकत झाली असे मुले धरून चालतात. तिथे बहुतेक विद्यापीठांत जीवशास्त्राच्या मेजरलाही कॅल्क्युलस लागते आणि रसायन-भौतिकशास्त्राचे वर्ग बीजगणिताखेरीज पेलत नाहीत. ज्यांच्या घरी ती जुनी फाईल आहे त्यांनी दहावीनंतरच हे लक्षात घ्यावे. जमत असेल तर एबी ग्रुप घ्यावा, नाहीतर निदान सुट्टीत गणित चालू ठेवावे. इथल्या बी.एस्सी.चे क्रेडिट तिकडचे कॉलेज कदाचित धरील, पण मेडिकल स्कूल आवश्यक विषय बहुधा अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजातच केलेले मागतात. रसायन पुन्हा करावे लागले तर तो अपमान समजू नये.

आणि घाई करू नये. पदवीनंतर एक वर्ष थांबून, चारही सत्रांचे गुण हाती घेऊन अर्ज करणे हा बदली घेणाऱ्या मुलासाठी शहाणपणाचा मार्ग आहे. तिथे मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण असे थांबलेले असतात. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेले’ म्हणतात. ते वाक्य फोनवरून तिकडे पाठवू नये, एवढी विनंती आजीआजोबांनाही आहे.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक सुचवावेसे वाटते. शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत. त्यातल्या काहींनी ही वाट स्वतः तुडवली आहे. त्यांची संमती घेऊन कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी: कोण कुठल्या राज्यात, कोणत्या वाटेने शिकले, कोणाला विचारता येईल. निघणाऱ्या मुलाला शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर विषयांचा अभ्यासक्रम आणि गुणपत्रके इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी द्यावीत. यास फारसा खर्च नाही. मुले परदेशी जाणार हे आता ठरलेलेच आहे. ती नीट माहिती घेऊन जावीत, एवढे तरी शाळेला करता येईल.