खाजण मरतंय, मग इतकी वर्षं मासे भरपूर कसे मिळत होते? लुइझियानातल्या रेडफिश आणि ट्राउटचं कोडं

यूट्यूबवर रेडफिश पकडण्याचे व्हिडिओ पाहिले असतील, तर हे दृश्य ओळखीचं वाटेल. गुडघाभर पाणी, दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, सपाट तळाची छोटी होडी आणि तिच्या टोकावर रॉड घेऊन उभा असलेला माणूस. पाण्याबाहेर एक तांबूस शेपटी हलताना दिसते, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. गळ पडतो, तंगूस ताणला जातो आणि पुढची पाच मिनिटं आरडाओरडा.

यातले बरेच व्हिडिओ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातले असतात. मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या या किनाऱ्यावर रेडफिश आणि ट्राउट पकडणं हा छंद आहे, पर्यटनाचा धंदा आहे आणि राजकारणाचा विषयही आहे. कारण गेल्या काही वर्षांत इथे तीन मोठे निर्णय झाले. २०२३ मध्ये ट्राउट पकडण्यावर मर्यादा आणली गेली. २०२४ मध्ये रेडफिशवर आली. आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने किनाऱ्यावर नवी जमीन तयार करण्याचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प रद्द केला.

पहिल्या दोन निर्णयांनी लोकांना सांगितलं की मासे कमी न्या. तिसऱ्याचा संबंध हे मासे जिथे लहानाचे मोठे होतात त्या जागेशी आहे. हे तिन्ही निर्णय एकत्र पाहिले तरच प्रकरण नीट कळतं.

हे मासे नेमके कोणते?

आधी एक गैरसमज. इथला ‘ट्राउट’ हा ट्राउट नाहीच. हिमाचल किंवा काश्मीरच्या थंड नद्यांत मिळतो तो ट्राउट वेगळा. लुइझियानातल्या ठिपकेदार ‘स्पेकल्ड ट्राउट’चं नुसतं नाव तसं पडलंय. खरं तर तो आणि रेडफिश एकाच कुळातले आहेत, आणि त्या कुळाशी आपली चांगली ओळख आहे. पालघरच्या मच्छीमाराला एका दिवसात लखपती करणारा, बोतासाठी प्रसिद्ध असलेला घोळ मासा याच कुळातला. बाजारात मिळणारा ढोमाही त्यातलाच. या कुळातले अनेक मासे पोटातल्या हवेच्या पिशवीचा वापर करून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात, म्हणून रेडफिशचं दुसरं इंग्रजी नाव ‘रेड ड्रम’.

रेडफिशचं आयुष्य दोन टप्प्यांत विभागलेलं आहे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून खाड्यांच्या मुखाशी मोठे मासे अंडी घालतात. भरतीच्या पाण्याबरोबर पिल्लं आत दलदलीत येतात. कोकणात ज्याला खाजण म्हणतात तशीच ही खाऱ्या पाण्याची दलदल, फक्त इथे कांदळवनापेक्षा गवत जास्त. या गवताच्या कडेला कोळंबी, लहान खेकडे, बारीक मासे भरपूर असतात आणि लपायला जागाही मिळते. साधारण चार वर्षं मासा इथे वाढतो. सुमारे २७ इंचांचा झाला की तो खोल समुद्रात जाऊन प्रौढ माशांच्या थव्यात सामील होतो. तिथे तो ३०-४० वर्षंही जगू शकतो.

ट्राउटचं तसं नाही. तो जवळपास सगळं आयुष्य खाडीतच काढतो, लवकर वयात येतो आणि लवकर मरतो. त्याच्यातले सगळ्यात मोठे मासे बहुतेक माद्या असतात.

नियम काय बदलले?

नोव्हेंबर २०२३ पर्यंत लुइझियानात एका माणसाला दिवसाला २५ ट्राउट नेता येत होते, किमान लांबी १२ इंच. आता ही संख्या १५ आहे आणि मासा १३ ते २० इंचांच्या मधला हवा. २० इंचांपेक्षा मोठे फक्त दोनच.

रेडफिशचा नियम जून २०२४ मध्ये बदलला. आधी दिवसाला ५ मासे, १६ ते २७ इंच, आणि त्यातला एक २७ इंचांपेक्षा मोठा चालायचा. आता ४ मासे, १८ ते २७ इंच, आणि मोठा मासा पकडला तर तो परत सोडायचा. शिवाय पर्यटकांना होडीतून नेणाऱ्या गाइडला आणि त्याच्या मदतनीसाला त्या फेरीत स्वतःच्या वाट्याचे मासे ठेवता येत नाहीत. पूर्वी गाइडचा हा वाटा बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच बर्फाच्या पेटीत जायचा.

इथे वरची मर्यादा का, हे समजून घेण्यासारखं आहे. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला, म्हणजे लहान मासा मारू नका. लुइझियानाचा नियम लहान मासा वाचवतो आणि मोठा मासाही वाचवतो. २७ इंचांच्या वरचा रेडफिश म्हणजे पुढची कित्येक वर्षं अंडी घालू शकणारा मासा. पकडायची ती मधली पिढी.

राज्याचं गणित साधं आहे. माणसाने एकही मासा पकडला नसता तर जितके रेडफिश खाजणातून समुद्रापर्यंत पोचले असते, त्याच्या किमान ३० टक्के तरी पोचायला हवेत. मत्स्यविभागाच्या पाहणीत हा आकडा ३० च्या खाली गेल्याचं दिसलं, म्हणून नियम बदलला.

शेजारचं टेक्सास तर आणखी कडक झालंय. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत तिथल्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले. ट्राउटला अशी थंडी सोसत नाही. आता तिथे दिवसाला फक्त ३ ट्राउट नेता येतात.

याआधीही मासा संपायला आला होता

१९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचा शेफ पॉल प्रुडोम याने मसाला लावून तापलेल्या लोखंडी तव्यावर जवळजवळ काळा होईपर्यंत भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला. हा पदार्थ अमेरिकाभर इतका चालला की मोठमोठी जाळी लावून खोल समुद्रातले प्रौढ थवेच्या थवे उचलले जाऊ लागले. शेवटी केंद्र सरकारने आपल्या हद्दीतल्या समुद्रात रेडफिश पकडणं बंद केलं, आणि लुइझियानाने १९८८ मध्ये त्याची व्यावसायिक मासेमारी थांबवली. टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, रेडफिश आणि ट्राउट दोघांचीही विक्री बंद केली होती. आज अमेरिकेतल्या हॉटेलात मिळणारा रेडफिश बहुतेक शेततळ्यातला असतो.

मासा परत आला. त्यामुळे लुइझियानात अनेकांची खात्री झाली की मर्यादा घातली की मासा वाढतोच. १९८० च्या दशकात ते खरं ठरलं. पण तेव्हा खाजण आजच्यापेक्षा बरंच जास्त होतं.

खाजणाचं काय झालं?

१९३२ पासून २०१६ पर्यंत लुइझियानाच्या किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. म्हणजे जवळजवळ अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा.

ही जमीन मुळात मिसिसिपी नदीने आणलेल्या गाळाची. गाळाची जमीन स्वतःच्या वजनाने खचत राहते, पण दरवर्षी पुरातून नवा थर येत असल्याने ती टिकून होती. १९२७ च्या महापुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी भक्कम बांध घातले गेले. गावं वाचली. पण गाळ खाजणात पसरायचा थांबला आणि थेट खोल समुद्रात जाऊ लागला.

त्यात तेल आणि वायू कंपन्यांनी विहिरींपर्यंत पोचायला दलदलीत हजारो मैलांचे कालवे खणले. या कालव्यांतून खारं पाणी आतवर शिरलं, गोड्या पाण्यातलं गवत मेलं आणि मुळं सुटल्यावर मातीही वाहून गेली. मग वादळं, समुद्राची वाढती पातळी, २०१० ची डीपवॉटर होरायझनची तेलगळती. आइल डी जीन चार्ल्स नावाच्या बेटाची १९५५ पासून ९८ टक्के जमीन गेली आणि तिथल्या मूलनिवासी कुटुंबांना सरकारी खर्चाने दुसरीकडे वसवावं लागलं.

मग मासे इतके कसे मिळत राहिले?

खरं कोडं इथे आहे, आणि नियमांच्या भांडणात त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

पिल्लांना सर्वात जास्त उपयोग होतो तो गवत आणि पाणी जिथे भेटतं त्या कडेचा. खाजण सलग असेल तर मधल्या गवतापर्यंत मासा पोचतच नाही. एका भाकरीला एकच गोल कड असते. तिचे आठ तुकडे केले की भाकरी तेवढीच राहते, पण कडा कितीतरी वाढतात. खाजण फुटू लागतं तेव्हा नेमकं हेच होतं. मध्ये डबकी पडतात, वाटा तयार होतात, कडा वाढतात. कोळंबी वाढते, तिच्यामागे मासा येतो आणि होडीलाही आतपर्यंत जाता येतं.

पण हे तुकडे लहान होत होत एक दिवस नाहीसे होतात. त्यानंतर कडही जाते आणि उरतं ते उघडं पाणी. शास्त्रज्ञ हा इशारा अनेक दशकांपासून देत आलेत: आधी उत्पादन वाढेल, मग घसरेल.

म्हणजे लुइझियानात गेल्या काही दशकांतली जी जोरदार मासेमारी लोकांना आठवते, तिच्यातला काही भाग खाजणाच्या मोडण्यातून आलेला असू शकतो. व्याज समजून मुद्दलच खर्च होत होतं. नेमका किती भाग, हे सगळ्या खाड्यांमध्ये सारखं नाही, आणि जास्त मासे पकडले गेले हेही खरंच आहे. पण दिवसाला ५ ऐवजी ४ मासे नेल्याने गेलेली कड परत येत नाही.

जमीन तयार करणारा प्रकल्प का रद्द झाला?

न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला बॅराटेरिया नावाचं खोरं आहे. तिथे नदीच्या बांधाला दरवाजे बसवून गाळाचं पाणी पुन्हा खाजणात सोडायचं, अशी योजना होती. जास्तीत जास्त विसर्ग ७५ हजार क्युसेक. पावसाळ्यात धरणांच्या बातम्या वाचणाऱ्यांना या आकड्याचा अंदाज येईल. ५० वर्षांत सुमारे ५४ चौरस किलोमीटर खाजण तयार होईल किंवा टिकेल असा हिशोब होता. पैसा मुख्यतः तेलगळतीच्या भरपाईतून येणार होता. ऑगस्ट २०२३ मध्ये काम सुरूही झालं.

विरोध मात्र सुरुवातीपासून होता, आणि तो पोकळ नव्हता. नदीचं पाणी गोडं. ते खाडीत आलं की कालव मरतात, तपकिरी कोळंबी दूर जाते, ट्राउटही सरकतो. रेडफिशला गोडं पाणी चालतं, त्याचा फायदाच झाला असता. डॉल्फिनचं मोठं नुकसान होणार हे प्रकल्पाच्या अहवालातच लिहिलेलं होतं. कोळंबी आणि कालवांवर जगणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न सरळ होता: ५० वर्षांनी जमीन येईल, पण पुढच्या हंगामात आम्ही खायचं काय? प्लॅकमिन्स पॅरिश, म्हणजे तिथला जिल्हा, कोर्टात गेला.

गव्हर्नर जेफ लँड्री यांनी मच्छीमारांची बाजू घेतली. एप्रिल २०२५ मध्ये लष्कराच्या अभियंता विभागाने परवाना स्थगित केला आणि जुलैमध्ये राज्याने प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला. तोपर्यंत ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला होता. आता कमी पाणी वळवणारा लहान प्रकल्प आणि तळाचा गाळ उपसून खाजणात टाकण्याची कामं यांवर भर देऊ, असं सरकार म्हणतंय. उपशाने जमीन लवकर दिसते, मच्छीमारांनाही त्रास कमी होतो. पण ती जमीनही खचते, आणि तिला वरून नवा थर देणारी नदी बांधापलीकडेच राहते.

मच्छीमारांची तक्रार खरी होती. त्यांना भरपाई देण्याची तरतूद होती, पण ती पुरेशी वाटेल अशा पद्धतीने त्यांच्यापर्यंत पोचली नाही. प्रकल्प बुडण्यामागे हे मोठं कारण दिसतं, आणि त्याची चर्चा डॉल्फिनपेक्षा कमी झाली.

जमीन गेली, मग पाणी कुणाचं?

शेवटी एक विचित्र भांडण. अमेरिकेतल्या बहुतेक किनारी राज्यांत भरती-ओहोटीचं पाणी सार्वजनिक मानलं जातं. लुइझियानात मात्र जिथे कधीकाळी खासगी खाजण होतं आणि आज फक्त पाणी आहे, तिथेही जुने मालक हक्क सांगतात. कारण खाली तेल आणि वायू असू शकतो. ती जागा समुद्रतळ ठरली तर खनिजाचा हक्क राज्याकडे जातो, म्हणून कुणी मालकी सोडत नाही. त्यामुळे उघड्या पाण्यात रेडफिशच्या मागे गेलेल्या माणसावर अतिक्रमणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. जमीन जितकी बुडेल, तितकं हे वादातलं पाणी वाढत जाणार.

नियमांचा परिणाम दिसायलाही वेळ आहे. नवा नियम आल्यानंतर २०२४ च्या शरद ऋतूत जन्मलेले रेडफिश २७ इंचांचे होऊन समुद्रात जातील ते साधारण २०२८ मध्ये. तोपर्यंत ते याच गवताच्या कडेला असतील.