पैगंबर हवेत, यहुदी नकोत

सटाण्यात उर्दू शाळेच्या वर्गात हजरत मूसांचे किस्से सांगणारे आम्ही शिक्षक, फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) कौतुकानेच वाचतो. या मराठी ग्रंथाचे अख्खे पहिले पुराण यहुद्यांच्या पैगंबरांचे. पण स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या इन्क्विझिशनने गार्सिया द ओर्ता या नामांकित वैद्याची हाडे, मेल्यावर बारा वर्षांनी, कबरीतून उकरून जाळली. गुन्हा काय? बाप्तिस्मा होऊनही मनाने यहुदीच राहिला! येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर लादता येत नाही, हे व्हॅटिकनने म्हटले ते थेट १९६५ मध्ये. आणि 'अलैहिस्सलाम' म्हटल्याशिवाय मूसांचे नाव न घेणारे आपले काही भाऊ 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा वापरतात, तो कोणत्या किताबातून?