म्हणे इपॉक्सीखाली काही दिसत नाही!

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचं आहे. विषय ऐकून हसाल. दोरा! फिशिंग रॉडवर गुंडाळायचा दोरा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वतःच्या हातानं फिशिंग रॉड बांधणारी एक जमात इथे अमेरिकेत भरपूर आहे. कार्बन फायबरची पोकळ, निमुळती होत जाणारी नळी विकत आणायची, तिला ब्लँक म्हणतात. तिला मूठ बसवायची, रीलची जागा चिकटवायची, आणि मग ज्यांतून लाइन धावते त्या कड्या, म्हणजे गाइड्स, बांधायच्या. बांधायच्या म्हणजे अक्षरशः बांधायच्या. स्क्रू नाही, वेल्डिंग नाही. प्रत्येक गाइडला एक किंवा दोन चपटे पाय असतात. पाय ब्लँकवर टेकवायचा आणि त्यावरून बारीक नायलॉनचा दोरा वेढ्याला वेढा चिकटवत गुंडाळायचा. वरून दोन भागांचं इपॉक्सी. बस्स. मासा लागला की त्याचा सगळा हिसका या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या वेढ्यांवर येतो.

तर या जमातीत एक सुविचार फार लोकप्रिय आहे. नवशिक्या बिचारा वेढ्यांतली फट बघत डोकं धरून बसलेला असतो, आणि शेजारचा अनुभवी गडी त्याच्या पाठीवर थाप मारून सांगतो, "टेन्शन नको घेऊ रे, इपॉक्सीखाली काही दिसत नाही."

माझं भांडण या वाक्याशी आहे. ते चुकीचं आहे, आणि वर दयाळू वाटतं. त्यामुळे कुणी त्याला आडवं जात नाही.

आधी आकडे बघू. नेहमीच्या कामाला लागणारा ए नंबरचा दोरा साधारण मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याइतका जाड असतो. म्हणजे एका सेंटिमीटरात साठेक वेढे. नऊ फुटी फ्लाय रॉडवर दहाच्या आसपास गाइड्स, बहुतेकांना दोन पाय. हिशोब करा, हजाराच्या वर वेढे होतात. सगळे हातानं. "कारखान्यात मशीन करत असेल" असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढा. कारखान्यात ब्लँक फिरवायला मोटर असते, पण दोरा जागेवर नेणारी बोटं बहुतेक ठिकाणी माणसाचीच असतात.

साधनं अगदी घरगुती चालतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन खाचा पाडल्या की रॉड ठेवायचा स्टँड तयार. दोऱ्याचं रीळ कपात टाकायचं, दोरा एका जाडजूड पुस्तकाच्या पानांतून ओढून घ्यायचा, पुस्तकाच्या वजनानं ताण सारखा राहतो. (माझं सी++चं पुस्तक शेवटी कामी आलं ते असं.) सुरुवातीचे पाच-सहा वेढे दोऱ्याच्या स्वतःच्याच शेपटावरून घ्यायचे म्हणजे ते आपोआप अडकतं, मग शेपूट कापायचं. शेवटचे सहा-आठ वेढे राहिले की दोऱ्याचा एक वेगळा फास त्यांच्याखाली घालून ठेवायचा. वेढे संपले की दोरा कापून त्याचं टोक फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांखाली जातं. गाठ कुठेच नाही.

आता मुद्द्यावर येतो. फट पडते तेव्हा ती उगीच पडत नाही. प्रत्येक प्रकारच्या फटीला आपलं आपलं कारण असतं.

जिथे दोरा ब्लँकवरून गाइडच्या पायावर चढतो तिथे फट पडली, तर पायाचं टोक नीट घासलेलं नाही. कारखान्यातून येणारा पाय बरेचदा टोकाला बोथट असतो. कानसीनं घासून तो पातळ उतरता करावा लागतो, नाहीतर दोरा त्या पायरीवर चढताना घसरतो. आणि तेच टोक खालून खरबरीत राहिलं असेल तर रॉड वाकला की ते ब्लँकच्या पातळ भिंतीत रुततं, दर वेळी थोडं थोडं. एखाद्या दिवशी रॉड नेमका तिथेच कडकन मोडतो, आणि मालक म्हणतो, "मासाच मोठा होता!"

वेढ्यांच्या मध्येच फट असेल तर मध्येच ताण बदलला आहे, किंवा दोरा येण्याचा कोन. दोरा आधीच्या वेढ्यांकडे किंचित झुकून आला पाहिजे, म्हणजे नवा वेढा जुन्याला आपसूक चिकटतो. फार झुकला तर तो आधीच्यावर चढतो. लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. शेवटी दोऱ्याची कुसं उभी राहिली असतील तर ब्लेड बोथट आहे.

म्हणजे बघा, नीट घातलेले वेढे हा एक अहवाल आहे. पाय घासलाय का, ताण सारखा होता का, ब्लेड बदललं का, सगळं त्यात लिहिलेलं असतं. वेढे सुबक असले की एक चूकसुद्धा डोळ्यात खुपते. सगळंच गबाळं असलं की धोक्याची फट आणि निरुपद्रवी फट सारखीच दिसते. "कोण बघतंय" म्हणून फट सोडून देणारा कारणच सोडून देतो, आणि ते कारण इपॉक्सीखाली तसंच राहतं.

"घट्ट गुंडाळ, मग काही हलत नाही," हा दुसरा सुविचार. हाही बिनबुडाचा. ब्लँक पोकळ नळी आहे, खांब नव्हे. पायाच्या कडांवरून दोरा करकचून आवळला की तो जोर नळीच्या भिंतीवर एकाच रेघेत येतो. वेढे पुरे झाल्यावर अंगठ्यानं ढकललं तर गाइड किंचित सरकायला हवं, कारण सगळ्या गाइड्स एका रेषेत आणायचं काम अजून बाकी असतं. जे जराही सरकत नाही ते जास्त आवळलेलं आहे. आणि गंमत म्हणजे आवळून गुंडाळणाऱ्याचे वेढे सुबकही येत नाहीत, कारण सारखा ताण ठेवणं हलक्या हाताला सोपं जातं.

आता इपॉक्सीबद्दल. ते झाकतं, हेच मुळात खरं नाही. ते पारदर्शक असतं आणि वरून फुगीर बसतं, म्हणजे भिंगच की! फटीत अडकलेली हवा बुडबुडा होऊन वर येते. कुसं खड्यासारखी उभी राहतात. मग ते लपवायला आणखी एक थर, आणखी जाड. आणि तो जाड थर शेंड्याजवळ बसला की वजन वाढतं, रॉड वाकून सरळ व्हायला वेळ लावतो. मुद्दाम हलका ब्लँक घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि वर इपॉक्सीचे लाडू चिकटवायचे, याला काय म्हणावं? पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली एक बारीक बोगदा राहतो. इपॉक्सीचं खरं काम तो भरायचं आहे. तो कोरडा राहिला तर पाणी शिरतं, समुद्राचं असेल तर पाय आतून गंजतो. त्यासाठी पातळ इपॉक्सी आणि सबुरी लागते, जाड थर नव्हे.

"पण माशाला काय कळतंय?" हा आक्षेप येणारच. कबूल. दोन वेढ्यांत केसभर फट राहिली म्हणून कुठला मासा सुटत नाही, आणि तेवढ्यानं रॉडही मोडत नाही. दोन-चार फटी असतील तर गुळगुळीत काडीनं दोरा हलकेच घासून मिटवता येतात, त्यात काही पाप नाही. पण फट का पडली हे आधी बघा, मग मिटवा. माझा राग फटीवर नाहीच, न बघण्यावर आहे.

आणि दुसऱ्या टोकाच्या लोकांनी हसू नये, त्यांच्याकडेही येतोच आहे. मुठीच्या वर हातभर नक्षी, चौकटी, बाण, चमचमती जर, काचेसारखी चकाकी... हौस आहे, करा. पण त्याला सुबकपणा म्हणू नका, ती सजावट आहे. मुठीजवळ पैठणी विणलेली आणि शेंड्याजवळच्या गाइडचा पाय न घासलेला, असे रॉड मी पाहिलेत. फोटो मुठीचा काढतात, आणि रॉड मोडतो वरच.

जुन्या लोकांना हा फरक कळत होता. 1870 च्या दशकात मेन राज्यातल्या बँगॉरमध्ये हायरम लिओनार्ड बांबूच्या सहा पट्ट्या जोडून रॉड बनवत. त्या काळी पट्ट्या सरसानं चिकटवत, आणि सरस ओलाव्यानं सुटतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रेशमी दोऱ्याचे वेढे असायचे. तो दोरा रॉडला धरून ठेवायचा. पुढे चांगले गोंद आले आणि तेच वेढे निव्वळ शोभेचे उरले.

मग एव्हरेट गॅरिसन आले. पेशानं इंजिनिअर. बांबूचा रॉड कुठे किती निमुळता असावा हे ते ताणांची गणितं मांडून ठरवायचे. ते 1975 साली गेले, आणि होगी कारमायकल यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक 1977 साली आलं. त्यांच्या रॉडवर पांढरं रेशीम असे आणि ते वॉर्निशखाली जवळजवळ पारदर्शक होई. विचार करा! रंग नाही, नक्षी नाही, दोरा असून नसल्यासारखा. खालचा बांबू आणि गाइडचा पाय आरपार दिसणार. लपवायला काहीच नसलेल्या माणसालाच हे परवडतं.

आपल्या हापिसातही हेच वाक्य वेगळ्या कपड्यांत फिरत असतं ना? "आत्ता चालतंय ना, रिलीजनंतर साफ करू." फरक एवढाच की कोडमध्ये नंतर निदान हात घालता येतो. दोऱ्याचं तसं नाही. इपॉक्सी लावायच्या आधी दोरा उलगडून पुन्हा गुंडाळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि थोडा दोरा वाया जातो. इपॉक्सी घट्ट झालं की ते गरम करा, खरवडा, ब्लेड चालवा. आणि त्या ब्लेडचा एक ओरखडा कार्बनवर उठला की ब्लँक गेलाच म्हणून समजा. म्हणजे चूक स्वस्तात सुधारायची वेळ एकच असते, आणि "काही दिसत नाही" हे वाक्य नेमकं त्याच वेळी कानात सांगितलं जातं.

असो. पुढच्या वेळी कुणी नवशिक्या फट दाखवायला आला तर त्याच्या पाठीवर थाप मारू नका. टेबलावरचा दिवा जवळ ओढा, रॉड त्याच्या हातात द्या आणि सावकाश गोल फिरवायला सांगा. फट कुठे आहे आणि तिथेच का पडली, हे त्याला विचारा. उत्तर मिळालं की नवं ब्लेड द्या आणि दोरा कापायला लावा. चिडेल थोडा. चिडू दे. रॉड त्याचाच आहे, मोडला तर त्याच्याच हातात मोडणार आहे.