धुऱ्यावरच्या झाडाचा मालक कोण?



पुण्याच्या माणसाला हल्ली मातीची ओढ लागली आहे. शनिवार उजाडला की मुळशी, पानशेत, सासवडच्या रस्त्याला मोटारींची रांग लागते. कुणी वीस गुंठे घेतले, कुणी एकर. भोवती तारेचे कुंपण, आत गवत वाढू दिलेले. म्हणे निसर्ग परत आणतो आहोत. आम्ही हसत नाही. आमच्या पोरांची ओढ सुटली, त्यांची लागली. ओढ काही वाईट नाही. पण मुळशीच्या ज्या पाण्याकडे तोंड करून हे बंगले उभे आहेत, त्या पाण्याखाली मावळ्यांची भातखाचरे आहेत. ती वाचावीत म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. खाचरे बुडाली, वीज मुंबईला गेली. मातीशी नाते जोडणाऱ्यांनी आधी ते कुणाचे तुटले हे विचारावे.

आणि आम्हाला ते उपदेश करतात की तुम्ही रासायनिक शेतीने जमीन मारली, धुरे उघडे केले, पाखरे घालवली. खोटे नाही. पण निसर्ग आमच्या वावरातून गेला कसा, ते ऐकून घ्या. कपाशीच्या आठ-दहा तासांमागे तुरीचे एक तास असे. ज्वारीत मूग-उडीद, कडेला अंबाडी. धुऱ्यावर बाभूळ, बोर, निंब. कडबा बैलाला, शेण वावराला. हे काही निसर्गप्रेम नव्हते, घरचा हिशेब होता. मग सरकारने ज्वारीवर लेव्ही बसवली, एकाधिकार खरेदी केली आणि रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त ओतला. ज्वारीला भाव राहिला नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे बैल गेला, बैलामागे शेणखत. जागेवर सोयाबीन आले. २०२३ साल जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा पुण्याच्या दुकानांत भाकरीचे कौतुक झाले. कौतुकाने कडबा परत येत नाही.

बरे, आता झाड लावू म्हटले तर? १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, चंदन, मोह, चिंच, आंबा आपल्या वावरात आपण लावला, आपण पाणी घातले, तरी तोडायला परवानगी हवी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड हजाराचा पन्नास हजार करायचे ठरवले होते. पोरीच्या लग्नाला किंवा सावकाराच्या तगाद्याला जे झाड उपयोगी पडणार नाही, ते शेतकरी कशाला वाढवील? कायदा झाडे वाचवायला केला. त्याने रोपटी मारली.

जनावरांचेही तेच. धुऱ्यावर झुडूप वाढले की रानडुक्कर येते, रोह्याचा कळप येतो. एका रात्रीत तूर साफ. हात लावावा तर १९७२ चा वन्यजीव कायदा, भरपाई मागावी तर अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे. रोही देशाचा, तूर मात्र आमची!

माळढोकाची गोष्ट तर सोलापूर-नगरच्या ज्वारीवाल्यांना तोंडपाठ आहे. १९७९ साली त्या पाखरासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर ओढले. त्यात गावेच्या गावे, खातेदारांच्या जमिनी. खरेदी-विक्री अडली, बांधकाम अडले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तोवर पाखरूच दिसेनासे झाले होते. ज्या ज्वारीच्या रानात ते शेतकऱ्याच्या शेजारी जगले, त्या शेतकऱ्यालाच गुन्हेगार ठरवून ते वाचणार कसे?

पुण्याहून येणारा प्रत्येक जण कुंपणवालाच असतो असे नाही. विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनियर, कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर पाहिले. १९७४ साली नायगावात देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली. उताराला आडवे बांध घातले, पाणी अडवले, जिरवले, विहीर केली, ज्वारी पिकवून दाखवली. मग पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मोजणीने: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा घेणाऱ्यांनी स्वतः उभा करायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता यायचा नाही. आणि ऊस बंद.

उसाच्या बंदीवर आमच्यात पुष्कळ वाद होतात. काय पेरावे हे शेतकऱ्याला कुणी सांगू नये, हे आमचे म्हणणे कायम आहे. पण ती बंदी मंत्रालयातून आली नव्हती. पाणी वाटून घेणाऱ्यांनी आपसात घातली होती. हा फरक मोठा आहे. साळुंखे २००२ साली गेले. त्याच पुरंदरात २०२५ साली विमानतळासाठी सात गावांच्या जमिनीवर मोजणी आली आणि शेतकरी रस्त्यावर आले. पुण्याला माती हवी आहे ती अशीही.

आता आपल्या घरचे. धुरा नांगरून दोन तासे वाढवली ती आपणच. पऱ्हाट्या वावरात पेटवल्या त्याही आपणच. भाव मिळाला तर हे थांबवू, असे म्हणून सगळे सरकारवर ढकलता येणार नाही. बांधबंदिस्तीला परवानगी लागत नाही. तुरीचे तास परत घालायला कुणाचा हुकूम लागत नाही.

येत्या जिल्हा बैठकीत एकच ठराव मांडायचा आहे: स्वतःच्या शेतातले झाड शेतकऱ्याने लावावे आणि त्यानेच तोडावे, मध्ये कुणी नको. रानडुक्कर-रोह्याच्या नुकसानीची रक्कम पुढच्या पेरणीच्या आत हातात पडावी, हे त्याचेच दुसरे कलम. येताना प्रत्येकाने आपल्या धुऱ्यावरची झाडे मोजून आणावीत. परवानगीच्या भीतीने साग-मोहाची किती रोपटी वीतभर असतानाच उपटून टाकली, तोही आकडा खरा लिहावा.