न सही केलेले जामीनदार

पिणाऱ्याच्या नकळत त्याची दारू सोडवून देतो, असे सांगणारी जाहिरात आपण सगळ्यांनीच लोकलच्या डब्यात किंवा एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचलेली असते. या जाहिरातीचे गिऱ्हाईक कोण? पिणारा नक्कीच नव्हे. ती आहे त्याची बायको, त्याची आई. भाजीत नाहीतर चहात पूड कालवायची आणि देवावर भरवसा ठेवायचा. त्या पुडीत काय आहे, हे तिला कोणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखे डॉक्टर देतात ते औषधदेखील रुग्णाला न सांगता पोटात गेले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकते. तरी पुड्या खपतात. कारण नवऱ्याची दारू सोडवणे हे बाईचेच काम, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे.

बँकेत कर्ज देताना आम्ही जामीनदाराची सही घेत असू. कर्जदाराने हप्ते थकवले तर वसुली तुमच्याकडून होईल, हे त्याला स्पष्ट सांगावे लागे. दारूच्या व्यवहारात अशी सही कोणी घेत नाही, वसुली मात्र चोख होते. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या आधी काउंटरपाशी पोचू पाहणारी बायको, नातवाच्या फीसाठी बांगड्या तारण ठेवणारी आजी, ‘बाबांना ताप आहे’ असा ऑफिसात फोन करणारी शाळकरी मुलगी, हे सगळे न सही केलेले जामीनदार. पिणारा एक, फेडणारे पाच!

हा हिशेब ज्यांनी आपल्याकडे नीट मांडला, त्यांत पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे नाव आधी घ्यावे लागते. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी हे केंद्र सुरू केले. त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. निमित्त होते तरुण मुलांना लागलेल्या गर्दचे. पुढे दारूचे रुग्णही येत गेले. १९९७ साली अनिताताई गेल्या. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेतले होते. त्यांनी हे काम आपले मानले आणि वाढवले. व्यसनी माणसाला रागावायचे नाही, हा तिथला संस्कार. त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा विचार असा, की रुग्ण एकटा नसतो, त्याचे घर आजारी असते. म्हणून तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे.

घर आजारी असते म्हणजे काय? बायको बाटल्या लपवते, मोजते, मोरीत ओतते. त्याच्या येण्याची वेळ झाली की तिचे कान जिन्याकडे लागतात. साहेबांशी ती खोटे बोलते, वाण्याची उधारी चुकवते, नातेवाइकांच्या लग्नाला जाणे टाळते. हे सारे ती संसार वाचवण्यासाठी करते. पण परिणाम उलटा होतो. दारूची झळ पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, वाटेतच कोणीतरी ती अंगावर घेतलेली असते. समुपदेशक तिला म्हणूनच सांगतात, की त्याचे कर्ज तू फेडू नकोस, त्याच्यासाठी खोटे बोलू नकोस. आणि त्याच्याही आधी सांगतात, की तो तुझ्यामुळे पीत नाही. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अमेरिकेत १९५१ साली स्थापन झालेल्या ‘अल-अ‍ॅनॉन’चाही हाच गाभा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पितो तो, मग समुपदेशनाला बाईने का जायचे? बदलायचे तिनेच? ‘तू समजून घे’ या जुन्या उपदेशाचीच ही नवी आवृत्ती तर नव्हे? उपचाराच्या नावाखाली तिला सोसायलाच शिकवले जात असेल, तर आक्षेप शंभर टक्के खरा. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा हवी. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे. पण तिने मदत घ्यायची ती नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. तो उद्या दारू सोडेल किंवा सोडणार नाही. तिची झोप, तिचा पगार आणि तिची मुले त्या निर्णयावर का टांगून ठेवायची?

मुलांचे तर कोणी पाहतच नाही. अशा घरातले एखादे मूल फार शहाणे होते, पहिला नंबर काढते, धाकट्यांना जेवू घालते. शेजारी कौतुक करतात, पण ते मूल आतून घाबरलेले असते. दुसरे वर्गात मारामाऱ्या करते, आणि शाळा त्याच्या बापाला चिठ्ठी पाठवते! अमेरिकेत जॅनेट वॉइटिट्झ यांनी १९८३ साली मद्यपींच्या मोठ्या झालेल्या मुलांवर पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे लोकांचे याकडे लक्ष गेले. बाप वारला तरी ते भय मुलाच्या संसारात उतरते.

आपल्याकडे दारूची चर्चा दुकानापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या बायका मतदानाला रांगा लावतात, त्यांचे धैर्य मोठेच. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. बंदी हवी की नको, हा वाद चालू राहील. पण दुकान उघडे असो वा बंद, ज्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे त्याला उपचार लागणारच. अशा माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

मग करायचे काय? कचेऱ्यांनी गैरहजेरीबद्दल आरोपपत्र देण्याआधी उपचारांसाठी रजा द्यावी, आणि बोलावताना घरच्यांनाही बोलवावे. शाळेने वांड मुलाच्या घरी काय चालले आहे, ते हळुवारपणे विचारावे. फॅमिली डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या मागायला येणाऱ्या बाईला एक प्रश्न जास्त विचारावा. आणि आपण, तिचे नातेवाईक, सणावाराला भेटल्यावर ‘आता कसा आहे तो?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तू कशी आहेस?’ हेही विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहावे. जामीनदाराला निदान एवढा तरी हक्क असतो.