भाड्यात न धरलेला खर्च

2025 सालची वसुबारस 17 ऑक्टोबरला होती. इकडे दारोदारी गाय-वासराच्या रांगोळ्या निघत होत्या, चकलीची भाजणी दळून येत होती आणि त्याच दिवशी लंडनमध्ये थेम्सच्या काठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सभागृहात मतदान चाललं होतं. समुद्रावर चालणाऱ्या मोठ्या जहाजांनी हवेत सोडलेल्या कार्बनला किंमत लावायची की नाही, हा प्रश्न होता. एप्रिलमध्ये या योजनेचा मसुदा 63 विरुद्ध 16 मतांनी मान्य झाला होता; भारतानेही बाजूने मत दिलं होतं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत वारं फिरलं. अमेरिकेने या योजनेला उघड विरोध केला आणि पाठिंबा देणाऱ्या देशांना व्हिसाबंदीपासून जादा बंदर शुल्कापर्यंत सगळ्याची धमकी दिली. अखेर 57 विरुद्ध 49 मतांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलण्यात आला.

दिवाळीच्या धामधुमीत ही बातमी मराठी वृत्तपत्रांतून फारशी कुणाच्या नजरेस पडली नसेल. पण तिचा संबंध थेट फराळाशी आहे. भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, सोयाबीनचं तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं काळ्या समुद्राकाठच्या देशांतून. बदाम बहुतांश कॅलिफोर्नियाचे. रोजच्या वरणातली तूरही आता बऱ्याचदा मोझांबिक किंवा टांझानियाहून आलेली असते. जगाच्या व्यापारातला वजनाने सुमारे 80 टक्के माल समुद्रावरून जातो आणि हे इतकं स्वस्तात होतं, की दुकानात दहा हजार मैलांवरून आलेल्या वस्तूवर त्या प्रवासाचा मागमूसही दिसत नाही.

ही स्वस्ताई कशी आली, याची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ या जुन्या टँकरच्या डेकवर 58 पेट्या ठेवून त्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. पोती, पिंपं, गासड्या एकेक करून चढवण्या-उतरवण्याचं काम गेलं आणि अख्खी पेटीच ट्रकवरून जहाजावर जाऊ लागली. आज एकेका जहाजावर वीस फुटी हिशेबाने 24 हजार कंटेनर मावतात. त्यात चांगलंही आहे: टनामागे, मैलामागे पाहिलं तर जहाजाइतकं कमी इंधन ना ट्रक जाळतो, ना विमान. म्हणून ‘जहाजं बंद करा’ असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

मात्र भाडं कमी असण्यामागे दुसरंही एक कारण आहे. खर्चातला मोठा वाटा भाड्यात धरलेलाच नाही. तो हवेच्या माथी, किनाऱ्याच्या माथी, बोटीवरच्या खलाशाच्या आणि बंदराशेजारच्या कोळ्याच्या माथी मारलेला आहे.

हवेपासून सुरुवात करू. जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी जवळजवळ 3 टक्के वाटा जहाजांचा आहे. एखाद्या मोठ्या औद्योगिक देशाइतका. तरीही तो कोणत्याच देशाच्या खात्यावर जमा होत नाही. 1997 च्या क्योटो कराराच्या वेळी देशोदेशींच्या मर्यादा ठरल्या, तेव्हा आंतरराष्ट्रीय जहाजांचा प्रश्न सागरी संघटनेकडे सोपवला गेला. मालक ग्रीसमध्ये, झेंडा लायबेरियाचा, माल चीनचा, गिऱ्हाईक जर्मनीचं. धूर कुणाचा म्हणायचा? या पेचात पाव शतकाहून अधिक काळ गेला. 2023 मध्ये संघटनेने 2050 च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट स्वीकारलं खरं, पण त्याला दात देणारी कार्बनच्या किमतीची योजना वसुबारसेच्या त्या मतदानात अडकली.

नियमाने काम होतं याचा पुरावा याच क्षेत्रात आहे. जहाजाच्या इंधनात पूर्वी 3.5 टक्क्यांपर्यंत गंधक चालत असे. शुद्धीकरणातून उरलेलं हे काळं, घट्ट तेल तापवल्याशिवाय नळीतून वाहतही नाही. 1 जानेवारी 2020 पासून ही मर्यादा जगभर 0.5 टक्क्यावर आणली गेली. व्यापार बुडेल, भाडी कडाडतील, असा आरडाओरडा आधी झाला होता. जहाजं चालत राहिली. सगळ्यांना एकच नियम लागू झाला, की कुणीच मागे पडत नाही. एकट्या कंपनीने पुढाकार घेऊन महाग इंधन वापरायचं म्हटलं, तर शेजारचा स्वस्त दराने तिचं गिऱ्हाईक पळवतो. म्हणूनच लंडनमधली ती दिरंगाई टोचते.

गेल्या काही वर्षांत या जाळ्याचा नाजूकपणाही उघडा पडला. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुवेझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस आशिया-युरोप वाहतूक खोळंबली. पनामात 2023 साली पाऊस दगा देऊन गेला. तिथला कालवा समुद्राच्या पाण्यावर चालत नाही. गातून तलावाचं गोडं पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या बंद कप्प्यांत (लॉकमध्ये) सोडून जहाजं वर चढवली आणि खाली उतरवली जातात. एका जहाजामागे सुमारे 19 कोटी लिटर पाणी समुद्रात जातं आणि त्याच तलावावर पनामा सिटीची तहान भागते. दिवसाला 36 च्या घरात असलेली जहाजांची संख्या त्या वर्षअखेरीस 22 पर्यंत खाली आणावी लागली. धरणातलं पाणी पिण्याला, शेतीला की कारखान्याला, हा वाद ज्या महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या पाहिला, त्याला पनामाची अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

आणि मग तांबडा समुद्र. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. पाठोपाठ ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. मुंबईहून लंडनला सुवेझमार्गे साधारण 6,300 सागरी मैल पडतात, केपवरून 10,700.

निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना हे अंतर नकाशात शोधावं लागलं नाही. 2024 चा हंगाम आठवून पाहावा. पॅकहाऊसमध्ये बायका ओळीने बसलेल्या. हातात बारीक कात्री, समोर घड. तडकलेला, डागी, बारका मणी काढून टाकायचा, देठाला धरून घड उचलायचा, मण्यांवरची लव पुसली जाऊ द्यायची नाही. वजन करून पनेटमध्ये, पनेट पेटीत, वर गंधकाचा कागद. मग प्रीकूलिंग आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला रीफर कंटेनर. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत रॉटरडॅमला उतरणारा हा माल त्या वर्षी आणखी दहा-पंधरा दिवस पाण्यावर राहिला. द्राक्षं काढणीनंतर पिकत नाहीत, फक्त जुनी होत जातात: आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी गळू लागतात. कंटेनरचं भाडं काही आठवड्यांत दुपटी-तिपटीने वाढलं होतं ते वेगळंच. वळशाचे मैल, रीफर थंड ठेवायला जहाजावर जास्तीचे दिवस चाललेले जनरेटर, वेळ भरून काढायला वाढवलेला वेग या सगळ्यात जादा इंधन जळालं. इजिप्तचं सुवेझचं उत्पन्न 2023 मधल्या दहा अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी चार अब्जांवर आलं.

या वाटेवर माणसं आहेत, हे मालाच्या आकड्यांत हरवतं. मार्च 2024 मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले, उरलेल्यांना भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवलं. रत्नागिरी-रायगडात ‘बोटीवर असतो’ एवढंच म्हटलं, की पुढचं सगळ्यांना कळतं. इंग्रजी आमदानीतल्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी होते, सलूनमध्ये गोव्याचे स्टुअर्ड. त्यांचे नातू-पणतू आजही जगाच्या बोटींवर आहेत. कोरोनाच्या साथीत बंदरांनी उतरू न दिल्यामुळे 2020 च्या अखेरीस जगभरात सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही बोटीवर अडकून पडले होते. मालकाने पगार आणि रसद थांबवून वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांची संख्या 2024 मध्ये तीन हजारांवर गेली. त्यांत सर्वाधिक भारतीय होते. ज्या व्यवस्थेत जहाजाचा मालक शोधायलाच महिने लागतात, तिला टिकाऊ कसं म्हणायचं? पर्यावरणाच्या चर्चेत हा मुद्दा दुय्यम ठरवला जातो, आणि ते चुकीचं आहे.

किनाऱ्याची बाजू पश्चिम किनाऱ्याने सोसली आहे. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ यांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले. तिवरांच्या मुळांना उरणपासून घारापुरीपर्यंत काळा थर चढला आणि मुंबईत लोकांनी मासळी घेणं बंद केलं. पंधरा वर्षांनी, 25 मे 2025 ला, केरळजवळ ‘एमएससी एल्सा 3’ बुडालं. लायबेरियाचा झेंडा, 28 वर्षांचं जुनं जहाज, 640 कंटेनर. चोवीसही जण वाचले. काही दिवसांत तिरुअनंतपुरमच्या वाळूत प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे पांढरे दाणे येऊन पडले. स्वयंसेवक ते चाळणीने वेचत होते. लाटेबरोबर पुन्हा नवे येत. केरळ सरकारने नुकसानभरपाईसाठी 9,531 कोटी रुपयांचा दावा उच्च न्यायालयात दाखल केला.

उपाय नाहीत असं मुळीच नाही आणि त्यांतला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हळू चालणं. जहाजाचा वेग 10 टक्क्यांनी घटवला, तर तेवढंच अंतर कापायला जवळजवळ पाचवा हिस्सा इंधन कमी लागतं. 2008 च्या मंदीनंतर कंपन्यांनी हे केलं, ते इंधनाचं बिल वाचवायला. भाडी वधारली की वेग पुन्हा वाढतो. हरित मिथेनॉलवर चालू शकणारं पहिलं कंटेनर जहाज, ‘लॉरा मेर्स्क’, सप्टेंबर 2023 मध्ये कोपनहेगनला दाखल झालं. तसं इंधन पुरेसं आणि परवडणाऱ्या दरात मिळणं हीच खरी अडचण आहे. जोवर काळ्या तेलाच्या धुराला जगभर किंमत नाही, तोवर हरित इंधनाचा कारखाना उभारायला पैसा कोण घालणार?

वाऱ्याचं पुनरागमन जास्त आनंद देतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘पिक्सिस ऑशन’ या मालवाहू जहाजाने डेकवर 37.5 मीटर उंचीची दोन पोलादी शिडं उभारून शांघायहून ब्राझीलची वाट धरली. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचलं. सोपारा, कल्याण आणि चौलची बंदरं ज्या मोसमी वाऱ्यावर अरबस्तानाशी आणि रोमशी व्यापार करत होती, त्या वाऱ्याने तेव्हाही भाडं मागितलं नव्हतं.

घरचा प्रश्न मात्र वाऱ्यावर सोडता येणार नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. 2024-25 मध्ये तिथे 73 लाख कंटेनरची उलाढाल झाली. त्याच्या पायाखाली 1984 चा जासई-दास्तानचा शेतकरी लढा आहे, पोलिसांच्या गोळीबारात पडलेले पाच जण आहेत आणि दि. बा. पाटलांनी झुंजून मिळवलेले साडेबारा टक्के विकसित भूखंड आहेत. शेवा कोळीवाड्याचं पुनर्वसन उरणला जिथे झालं, तिथल्या घरांना वाळवी लागली. ते लोक दशकानुदशकं दुसरी जागा मागत आहेत. बंदराच्या विस्तारापायी खाडीतली मासेमारी गेली, म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 साली 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95.19 कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. रक्कम, कुटुंबं, कारण, सगळं आदेशात आहे. त्या विस्ताराला मंजुरी देताना हाच हिशेब कागदावर का नव्हता, हे विचारायला हवं.

आता पाळी डहाणू तालुक्यातल्या वाढवणची आहे. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. इथे बंदर नको, असं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली सांगितलं होतं. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली, जून 2024 मध्ये केंद्राने 76,220 कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. बाजूने बोलण्यासारखं आहे: किनाऱ्याजवळ 20 मीटरची नैसर्गिक खोली क्वचित मिळते आणि मोठ्या जहाजात कंटेनरमागे इंधन कमी लागतं. पण समुद्रात 1,448 हेक्टर भराव पडणार आहे, तो पापलेट, बोंबील आणि शेवंडीच्या पट्ट्यात.

तो भराव पुरता पडण्याआधी एक काम व्हायला हवं. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, चिंचणी या गावांतली कोणती बोट कुठे डोल जाळी लावते, कोणत्या महिन्यात काय आणि किती मिळतं, किनाऱ्यावर पायी मासे पकडणाऱ्या आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायकांची कमाई किती, याची नावनिशीवार नोंद मराठीत तयार करून तिची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येक कुटुंबाच्या हाती द्यावी. सुगीचा एक हंगाम आणि पावसाळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा काळ एवढ्यात हे काम उरकतं. त्याचा खर्च 76,220 कोटींच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवायला एक ओळ पुरेल, आणि ती ओळ पहिल्या कंटेनरच्या आधी लिहिली जावी.