इथली माणसं कुठं गेलीत?

यंदा दिवाळीला गावी जाताना लॅपटॉप बरोबर नेला, तो ऑफिसच्या कामाच्या नावाखाली. खरं कारण पुतण्या. सहावीत आहे, आणि दर रविवारी फोनवर त्याचा एकच प्रश्न असतो, "काका, त्या गोकूच्या गेमचं काय झालं?" (वहिनी हा ब्लॉग वाचतात. वहिनी, तुम्हाला सांगितलेलं कारण खोटं होतं. सॉरी.)

तर युसूफ वडगावला, आमच्या घराच्या ओसरीवर, चार दिवस आम्ही तिघं बसलो होतो. मी, पुतण्या आणि समोरच्या घरातला त्याचा वर्गमित्र. लाईट असेल तेव्हा चार्जिंग आणि नसेल तेव्हा बॅटरी संपेपर्यंत, अशा हिशेबाने आम्ही जपानी ॲनिमेवरचे 'ओपन वर्ल्ड' गेम खेळलो. चाळिशीतल्या माणसाने हे जाहीरपणे लिहावं की नाही, असा प्रश्न कुणाला पडला तर त्यांनी इथेच थांबावं :)

ज्या काका-मावश्या थांबल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा गेम म्हणजे केजहून सुटलेली एसटी. ड्रायव्हर नेईल त्या रस्त्याने, थांबेल त्या थांब्यावर. ओपन वर्ल्ड म्हणजे घरची सायकल. हवं तिकडे जा, बांधावर टेकवा, ओढ्यात पाय घाला, शाळा बुडवा. आणि ॲनिमेवरचा ओपन वर्ल्ड म्हणजे टीव्हीवर वर्षानुवर्षं पाहिलेल्या गावात ती सायकल चालवायला मिळणं. माझ्या पिढीतल्या कुणाला मालगुडीत हिंडायची सोय करून दिली असती तर? बस, तेच.

पहिला दिवस 'ड्रॅगन बॉल झी: काकारोट'चा (हा २०२० सालचा). खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा गोकू जमिनीवरून उठून ढगात शिरला तेव्हा आम्ही तिघंही ओरडलो. टीव्हीवर तो उडतो तेव्हा कॅमेरा त्याच्यावर असतो. इथे खाली बघता येतं. समुद्रातलं ते कासवबाबांचं छोटंसं घर वरून काडेपेटीएवढं दिसतं आणि मग खाली उतरत मोठं होत जातं. ही गंमत मालिकेच्या कुठल्याही भागात नाही, ती गेमच देऊ शकतो. मासे धरायचे तर कमरेला खोटी शेपटी लावून ती पाण्यात सोडायची! लहानपणीचा गोकू स्वतःच्या शेपटीने मासे पकडायचा, त्याची ही आठवण. असलं काही दिसलं की कळतं, बनवणाऱ्याने मूळ गोष्ट मन लावून वाचली आहे.

पण थोड्या वेळाने खटकायला लागतं. पृथ्वीवर संकट येऊ घातलंय, सगळे घाबरलेत, आणि आपण आरामात सफरचंदं गोळा करतोय. शत्रू बिचारा वाट बघत थांबलाय. आपण त्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहीपर्यंत तो येणारच नाही! शिवाय आकाशात जागोजागी रंगीत गोळे टांगलेले. का? तर आपण ते गोळा करावेत म्हणून. पुतण्याला त्याचं काही वाटलं नाही, तो पटापट गोळा करत सुटला. मला मात्र लग्नात वाढप्याने आग्रह करकरून जिलेबी वाढावी तसं झालं.

मला वाटतं, इथे एक मूळचीच अडचण आहे. ॲनिमेची गोष्ट आधीच घडून गेलेली असते. कोण मरणार, कोण जिंकणार, हे खेळणाऱ्या पोराला पाठ असतं. आणि ते बदललेलं ना मालकांना चालतं ना पंख्यांना. म्हणजे कुठे जायचं याचं स्वातंत्र्य पूर्ण, पण काय घडायचं यात तसूभरही नाही. मग त्या मोकळ्या जागेत भरायचं काय? निरोप पोचव, पाच फळं आण, तीन गुंड मार. सालगड्याची कामं.

दुसऱ्या दिवशी 'वन पीस: वर्ल्ड सीकर' (२०१९). वन पीसचा जीव कशात आहे? जहाजात, सोबत्यांच्या कलकलाटात आणि पुढच्या बेटावर काय असेल या हुरहुरीत. १९९७ पासून चाललेली ही गोष्ट त्याच इंधनावर चालते. गेमने काय केलं, तर लुफीला एका बेटावर आणून सोडलं. आपण खेळायचं ते एकट्या लुफीला घेऊन, बाकीची मंडळी कामापुरती भेटणार. रबरी हात लांबवून एका छपरावरून दुसऱ्या छपरावर झेपावण्यात मजा आहे, पण झेपावून जायचं कुणाकडे? बेट देखणं आहे. गवत हलतं, ऊन पडतं. माणूस मात्र औषधालाच.

पुतण्याचा मित्र तोवर फारसा बोलला नव्हता. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काका, इथली माणसं कुठं गेलीत? कारखान्याला गेलीत का?"

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी : 'कारखान्याला जाणं' म्हणजे ऊस तोडायला जाणं. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मोजणीच तशी. मधल्या महिन्यांत गल्लीतली निम्मी घरं कुलपात असतात. रिकामं गाव बघितलं की आमच्याकडच्या पोराला पहिला प्रश्न हाच पडणार.

मी हसलो आणि मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं. टीका करायला मी दहा परिच्छेद लिहीन, पण त्या पोराने एका वाक्यात वर्मावर बोट ठेवलं होतं. रिकामं असणं हा दोष नाहीच. आमचंही गाव सहा महिने रिकामं असतं, पण कुठल्या दाराला का कुलूप आहे हे कुत्र्यालासुद्धा माहीत असतं. त्या बेटाला आपली माणसं कुठे गेली याचा पत्ताच नाही.

हे जमतच नाही असंही नाही हं. २००७ साली 'नारुतो: राइज ऑफ अ निंजा' नावाचा गेम आला होता. पुण्यात रूमवर असताना मित्राच्या एक्सबॉक्सवर खेळलो होतो. केला होता तोही जपानबाहेर, युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओने. नारुतो हा गावाने टाकलेला पोरगा. गेमच्या सुरुवातीला आपण कोनोहा गावातून फिरलो की लोक तोंड वाकडं करतात. त्यांची बारीकसारीक कामं करत गेलो की एकेक चेहरा निवळत जातो. कामं तीच, निरोप पोचवण्याची! पण इथे त्यांना अर्थ आहे, कारण 'हे गाव मला कधी आपलं म्हणेल' हीच तर नारुतोची गोष्ट आहे. नकाशा छोटा, चित्रं आजच्या मानाने जुनाट, पण अजून लक्षात राहिलाय.

(गेन्शिन इम्पॅक्टचं नाव का नाही घेतलं, असं पुण्यातली मित्रमंडळी विचारतीलच. अरे बाबांनो, तो कुठल्या ॲनिमेवर बेतलेलाच नाही, फक्त दिसतो तसा. आणि पात्रं मिळवण्यासाठी त्यात जी सोडत काढावी लागते, तिच्यावर वेगळं लिहीन.)

तिसऱ्या दिवशी मी माझा आवडता काढला. शिनचॅनचा, सुट्टीतला. जपानमध्ये २०२१ ला आला, बाहेर २०२२ ला. शिनचॅन कुमामोतो भागात, म्हणजे आईच्या माहेरच्या मुलखात, उन्हाळ्याच्या सुट्टीला जातो. मामाचं गावच की! कडाडून वाजणाऱ्या बॅकग्राउंडची गरज नाही, इथे किडे पकडायचे, मासे धरायचे, वही भरायची. एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलं की दिवस थोडा पुढे सरकतो, संध्याकाळ होते, घरी जावंच लागतं. आपले बाबा एरवी या सगळ्याकडे ढुंकून बघत नाहीत, ते सुपारी कातरत मागे येऊन बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्या पोराला निदान जेवायला तरी बोलावतेत."

मी जिंकलो असं मला वाटलं. तासाभराने पुतण्या म्हणाला, "काका, परत गोकू लावा ना."

हेही लिहिलं पाहिजे. मला जे रिकामं वाटतं ते त्याला मोकळं वाटतं. अकराव्या वर्षी माणसाला उडायचं असतं, घरी जेवायला जायचं नसतं. आणि शिनचॅनचं गाव खरंच इवलंसं आहे, चार दिवसांत त्याचे सगळे कोपरे पाठ होतात. तरीही माझं मत बदललेलं नाही. काकारोटचं आकाश दोघांनी डोक्यावर घेतलं, पण झोपताना अंगणात गप्पा चालल्या त्या शिनचॅनच्या बेटकुळ्यांच्या. ऐकलंय मी.

चौथ्या दिवशी मित्राने काकारोटमध्ये स्वतःचा वेगळा सेव्ह सुरू केला. पुतण्याच्या मानाने बराच मागे होता, पण घाई करत नव्हता. लढाया सोडून नुसता उडत होता. एरवी आईवडील कारखान्याला गेले की तो आजीपाशी राहतो. यंदा घरी कुणी नाही, त्यामुळे तोही चाललाय. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी ट्रक येणार होता.

मी निघालो त्या सकाळी पुतण्या लॅपटॉपची बॅग घेऊन स्टँडवर आला. एसटी लागली तेव्हा म्हणाला, "काका, त्याचा सेव्ह पुसू नका. तो पाडव्यापर्यंत येतोय."